पिल्लं आणि पोरं खेळतात कशाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याचं पिल्लू असो, करडू असो, माकडाचं पोर असो नाहीतर माणसाचं, पोट भरलेलं असलं आणि आसपास भीती नसली की सगळ्यांचा कार्यक्रम एकच, हुंदडणं. हे का, याच्यावर लोक पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबलीयेत, काही एका ओळीत संपलीयेत, कारण काही ठिकाणी सांगण्यासारखं खरंच तेवढंच आहे.

प्राणी खेळतोय की दुसरंच काही करतोय हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे, आणि कित्येक वर्षं शास्त्रज्ञ यावरच अडून बसले होते. गॉर्डन बर्गहार्ट नावाच्या अमेरिकन संशोधकाने २००५ साली पाच कसोट्या मांडल्या, आज बहुतेक सगळे त्याच वापरतात. साध्या भाषेत सांगायचं तर, जे चाललंय त्याचा त्या क्षणी पूर्ण उपयोग नसतो (पिल्लू पानावर झडप घालतं, पान काही खायचं नसतं). ते कुणी जबरदस्ती न करता आपणहून चाललेलं असतं. खऱ्या कामापेक्षा ते वेगळं दिसतं, म्हणजे अर्धवट, अतिरेकी नाहीतर उलटसुलट क्रमाने. ते परत परत होतं पण पिंजऱ्यातला वाघ एकाच रेषेत येरझाऱ्या घालतो तसं यांत्रिक नसतं. आणि शेवटचं, प्राणी त्या वेळी निवांत असतो, म्हणजे उपाशी नाही, आजारी नाही, घाबरलेला नाही.

पाचही बसल्या तर खेळ म्हणायचं. यातली शेवटची कसोटी मला सगळ्यात कामाची वाटते, कारण जंगलात अन्नाची टंचाई आली की सगळ्यात आधी जे बंद पडतं त्यात खेळ असतो. माकडांमध्ये हे स्पष्ट दिसलेलं आहे, खायला शोधण्यात दिवस जायला लागला की पोरांची दंगामस्ती जवळजवळ शून्यावर येते.

अंगात एनर्जी जास्त होते म्हणून खेळतात ना?

हे उत्तर जुनं आहे, एकोणिसाव्या शतकात हर्बर्ट स्पेन्सर या इंग्लिश विचारवंताने हेच मांडलं होतं आणि आजही घरोघरी लोक हेच म्हणतात, "अंगात किडे आहेत नुसते". थोडं खरं आहे त्यात, भरल्यापोटी खेळ वाढतो हे वर आलंच. पण एनर्जी उरली म्हणून ती नुसती उडवायची असती तर गोल गोल पळूनही भागलं असतं, त्यासाठी दुसऱ्याला खाली पाडायचं, मग मुद्दाम स्वतः खाली पडायचं, मग पुन्हा उठून पळायचं आणि तो मागे येतोय का ते बघायचं, एवढा गुंतागुंतीचा प्रकार कशाला? शिवाय दमून डोळे मिटायला लागलेलं पोरसुद्धा "अजून एक डाव" म्हणतंच. त्यामुळे ही थिअरी खेळ कधी होतो ते सांगते, का होतो ते नाही.

मग मोठेपणीची प्रॅक्टिस असणार. मांजर शिकारीची करतं, माकड लढाईची. बरोबर?

जवळपास सगळ्यांना हेच उत्तर पटतं, मलाही पटायचं. कार्ल ग्रोस या जर्मन अभ्यासकाने १८९६ मध्ये प्राण्यांच्या खेळावर आख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याचा मुद्दा हाच होता की बालपण आहे म्हणून प्राणी खेळतात असं नाही, तर खेळायला मिळावं म्हणून बालपण आहे. ऐकायला फारच सुंदर, आणि दिसायलाही तसंच दिसतं, मांजराचं पिल्लू दोऱ्यामागे दबा धरून बसतं तेव्हा दुसरं काय वाटणार?

घोळ असा की ज्यांनी हे तपासलं त्यांना हाताशी फार काही लागलं नाही. टिम कॅरोने १९८० च्या सुमारास मांजरांवर काम केलं. काही पिल्लांना खेळायला वस्तू दिल्या, काहींना नाही, आणि मोठेपणी दोन्ही गट शिकारीत सारखेच निघाले. फरक पडला तो आईमुळे, म्हणजे पिल्लांसमोर भक्ष्य असताना आई जवळ होती की नाही याने. मग लिंडा शार्प हिने कालाहारीच्या वाळवंटात जंगली मीरकॅटचे (मुंगसाच्या कुळातला, कळपाने राहणारा छोटा प्राणी) कळप बघितले. मीरकॅटची पिल्लं दिवसभर एकमेकांशी कुस्ती खेळतात, आणि मोठेपणी कळपात वरचं स्थान मिळवायला खरी मारामारी करावी लागते, म्हणजे थिअरी तपासायला याहून चांगला प्राणी शोधून सापडणार नाही. २००५ साली निष्कर्ष आला, लहानपणी जास्त कुस्ती खेळलेले मोठेपणी जास्त जिंकत नव्हते. खेळात जिंकणारे खऱ्या लढाईत जिंकतील असंही नव्हतं.

आणि नीट विचार केला तर कळतं का ते. उंदरांची पिल्लं खेळात एकमेकांच्या मानेमागच्या भागाला नाक लावायला धडपडतात, खऱ्या भांडणात मात्र उंदीर समोरच्याच्या पाठीमागे, कमरेकडच्या भागाला चावतो. टार्गेटच वेगळं. जी गोष्ट खऱ्या लढाईत करायचीच नाही तिची रोज प्रॅक्टिस कोण करेल?

म्हणजे खेळाचा काहीच उपयोग नाही?

आहे, पण तो "अमुक स्किल शिकवतो" अशा सरळ हिशोबात बसत नाही. उपयोग नसता तर इतका महाग प्रकार टिकलाच नसता (महाग का ते पुढच्या प्रश्नात). मला जे उत्तर सगळ्यात पटतं ते २००१ मध्ये श्पिंका, न्यूबेरी आणि बेकॉफ या तिघांनी मांडलं. त्यांचं म्हणणं, खेळ ही अनपेक्षित गोष्टींची तयारी आहे. खेळताना प्राणी मुद्दाम स्वतःचा तोल घालवतो, डोकं उलटं करतो, अंग वेडंवाकडं फेकतो, जिथून पडू शकतो तिथेच चढतो, आणि मग त्यातून स्वतःला सावरतो. म्हणजे शिकायची आहे ती शिकारीतली झडप नाही, झडप चुकल्यावर काय करायचं ते शिकायचंय. पाय घसरला, समोरच्याने भलतंच काही केलं, अंगावर कुणीतरी येऊन आदळलं, तरी घाबरून गोठायचं नाही, चटकन सावरायचं. शरीराने आणि डोक्यानेही.

याला आधार देणारी उदाहरणं आहेत. कॅलिफोर्नियातल्या डोंगराळ भागात बेल्डिंगची खार म्हणून जमिनीत बिळं करणारी एक खार असते, तिची जी पिल्लं जास्त खेळायची त्यांचा तोल आणि अंगाची हालचाल जास्त सुधारली. थायलंडच्या जंगलातल्या आसामी माकडांचा अभ्यास २०१५ मध्ये आला, तो तर फारच बोलका आहे. जी पोरं जास्त खेळली त्यांना उड्या मारणं, लटकणं वगैरे अवघड हालचाली लवकर जमल्या, पण त्याच पोरांची वाढ हळू झाली. खेळात खर्च झालेली ताकद उंची-वजनातून वजा झाली होती म्हणायचं. निसर्गात फुकट काही नसतं, आणि तरीही ही पोरं खेळत होती. अलास्कातल्या ॲडमिरल्टी बेटावर फेगन दांपत्याने वर्षानुवर्षं तपकिरी अस्वलांची पिल्लं पाहिली, जास्त खेळणारी पिल्लं जगण्याची शक्यता जास्त निघाली, आईची तब्येत, खायला किती मिळालं वगैरे धरूनसुद्धा. एवढं मात्र लक्षात ठेवा की असल्या अभ्यासात खेळल्यामुळे जगलं की मुळात दणकट होतं म्हणून खेळलंही आणि जगलंही, हे पूर्ण सोडवणं कठीण असतं.

खेळ महाग म्हणजे काय, त्यात धोका कसला?

पेरूच्या किनाऱ्यावर रॉबर्ट हारकोर्टने फर सील या समुद्री प्राण्याची पिल्लं पाहिली. त्याच्या डोळ्यादेखत सी लायननी (सीलचेच मोठे भाऊबंद) २६ पिल्लं मारली, आणि त्यातली २२ त्या क्षणी उथळ पाण्यात खेळत होती. १९९१ साली हे छापून आलं. खेळणाऱ्याचं लक्ष नसतं, तो आवाज करतो, आईपासून लांब जातो, हे शिकाऱ्याला बरोबर कळतं. डोंगरकड्यावर राहणाऱ्या जंगली बकऱ्यांच्या पिल्लांचंही तसंच, उतारावर पकडापकडी खेळताना पाय घसरू शकतो.

इतका धोका पत्करून लाखो वर्षं ही सवय टिकलीय यावरूनच समजायचं की बदल्यात काहीतरी भक्कम मिळत असणार.

लुटुपुटुची लढाई आणि खरी मारामारी यात फरक कसा करायचा? (हा प्रश्न पालक आणि कुत्रेवाले, दोघंही विचारतात)

कुत्र्यांपासून सुरू करू. कुत्रं पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवतं आणि मागचा भाग वर ठेवतं, शेपटी हलत असते, हे खेळाचं आमंत्रण. मार्क बेकॉफने कुत्री, लांडगे आणि कायोटी (अमेरिकेतला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) यांच्यात हे बारकाईने मोजलं आणि १९९५ मध्ये दाखवलं की हा नमस्कार फक्त सुरुवातीला नसतो, खेळात जोरात चावून मान झटकण्यासारखं काही केलं की त्याच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर तो पुन्हा केला जातो. थोडक्यात "आता चावलो ते मस्करीत हां, गैरसमज नको". चिंपांझी आणि इतर बरीच माकडं तोंड सैल उघडं ठेवतात, दात विचकत नाहीत. माणसाच्या पोरांचं हसणं त्याचंच भावंड मानलं जातं.

बाकी खुणा सगळ्यांना सारख्याच. आळीपाळी होते का बघा, आत्ता जो वर आहे तो थोड्या वेळाने खाली दिसतो का, पळणारा मागे वळून बघतो का की पाठलाग चालू आहे ना. खऱ्या भांडणात एकजण सुटका करून घेतो आणि परत येत नाही, खेळात सुटलेलं पिल्लू स्वतःच परत येऊन छेड काढतं. पोरांच्या बाबतीत चेहरा बघा, आणि संपल्यावर ती एकत्रच आहेत की दोन टोकांना गेली ते बघा, यावरून जवळपास नेहमी कळतं.

मोठ्या माणसांना यात फार भीती वाटते. शाळेतल्या शिक्षकांना विचारलं की अशा दंगामस्तीतून खरी मारामारी कितीदा होते, तर त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त निघतो. मैदानावर उभं राहून मोजलं तेव्हा बहुतेक पोरांमध्ये ते प्रमाण फारच किरकोळ होतं. अपवाद असतातच, ज्या मुलांना बाकीचे टाळतात, ज्यांना समोरच्याचे इशारे वाचता येत नाहीत, त्यांच्या खेळातून भांडण जास्त वेळा होतं, आणि अशा मुलाला खेळातून बाहेर काढून बसवलं तर तो इशारे शिकणार कुठून हा प्रश्न उरतोच.

मोठं पिल्लू लहानाशी खेळताना मुद्दाम हरतं का?

हो, बऱ्याच प्राण्यांमध्ये. मोठं कुत्रं लहान पिल्लासमोर स्वतःहून पाठीवर पडतं, जोर कमी लावतं. कुत्र्याच्या पिल्लांचा एक अभ्यास २००८ मध्ये आला, त्यात नर पिल्लं मादी पिल्लांशी खेळताना स्वतःला जास्त वेळा कमकुवत जागी आणत होती, तोंडाशी तोंड नेऊन चाटत होती जिथे समोरचीला सहज चावता येईल. कारण उघड आहे, सारखं हरवत राहिलं तर समोरचा खेळायचंच बंद करतो आणि मग खेळायला कुणी उरत नाही. पोरं लहानग्याला कच्चा लिंबू म्हणून घेतात ती हीच अक्कल, कुणी शिकवायला जात नाही.

(मोठ्या उंदराने लहानाला अमुक टक्के वेळा जिंकू दिलंच पाहिजे असा एक आकडा इंटरनेटवर फिरतो. तो पक्का नियम समजू नका.)

त्यांना खरंच मजा येते का? की आपण आपलं त्यांच्यावर लादतोय?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत "मजा" हा शब्द शास्त्रज्ञांसमोर काढला की ते तोंड वाकडं करायचे. त्यात मोठा बदल उंदरांनी घडवला. याक पँकसेप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी लहान उंदरांना गुदगुल्या केल्या, आणि विशेष माइक लावून ऐकलं तर उंदीर साधारण ५० किलोहर्ट्झच्या आसपास किलबिल करत होते. माणसाला २० च्या वरचं ऐकूच येत नाही, त्यामुळे इतकी वर्षं ते बिचारे आपल्या समोर खिदळत होते आणि आपल्याला पत्ता नव्हता. तोच आवाज ते आपापसात खेळतानाही काढतात. आणि गुदगुल्या करणाऱ्या हाताच्या मागे मागे येतात, परत कर म्हणून.

२०१९ मध्ये बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातल्या टीमने उंदरांना चक्क लपाछपी शिकवली. लपायचंही आणि शोधायचंही. बक्षीस म्हणून खाणं नाही, सापडल्यावर फक्त गुदगुल्या आणि थोडी दंगामस्ती. उंदीर शोधताना उत्साहाने पळायचे आणि आवाज काढायचे, लपल्यावर मात्र गप्प बसायचे, काही तर सापडल्यावर लगेच पळून दुसरीकडे जाऊन लपायचे म्हणजे डाव लांबवायचे. हे वाचल्यावर मजा नसावी असं म्हणायला माझी तरी जीभ वळत नाही.

न्यूझीलंडमध्ये किआ नावाचा डोंगरी पोपट आहे, महाखोडकर. त्याची खेळताना काढायची एक खास साद आहे, ती २०१७ च्या प्रयोगात स्पीकरवरून जंगली किआंना ऐकवली तर मोठे पक्षीसुद्धा आपणहून खेळायला लागले, कुणी आमंत्रण दिलं नसताना. एकाला हसू फुटलं की शेजारच्याला फुटतं तसं.

फक्त सस्तन प्राणीच खेळतात का?

नाही, आणि यादी दर काही वर्षांनी वाढतेच आहे. डोमकावळे बर्फाच्या उतारावरून घसरगुंडी करतात, वर उडून येतात, परत घसरतात. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात एक म्हातारं मऊ पाठीचं कासव होतं, ते स्वतःलाच ओरबाडून जखमा करून घ्यायचं. त्याला बॉल, रिंग असल्या वस्तू दिल्यावर ते त्यांच्याशी खेळायला लागलं आणि स्वतःला इजा करणं कमी झालं. सिॲटलच्या ॲक्वेरियममध्ये आठ ऑक्टोपसना तरंगणारी औषधाची बाटली दिली, त्यातले दोघं ती पाण्याच्या फवाऱ्याने ढकलत राहिले, प्रवाहाने ती परत यायची, हे परत फवारा मारायचे. आणि २०२२ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात ४५ भुंगेवजा मधमाश्यांना (बंबलबी) छोटे लाकडी गोळे दिले, खाण्याची वाट मोकळी असताना त्या बाजूला वळून गोळे घरंगळवत होत्या, एकीने तर प्रयोगभरात ११७ वेळा. तरुण माश्या म्हाताऱ्यांपेक्षा जास्त. माशीला मजा येते का यावर मी पैज लावणार नाही, पण बर्गहार्टच्या कसोट्या तिथेही बऱ्यापैकी लागू पडतात.

खेळताना मेंदूत काय होतं?

दोन गोष्टी पक्क्या आहेत. एक, खेळायची ओढ मेंदूच्या फार जुन्या, खोलवरच्या भागातून येते. जन्मल्यावर लगेच ज्या उंदरांचा मेंदूचा वरचा थर (कॉर्टेक्स) काढून टाकला तेसुद्धा खेळतात. म्हणजे खेळ ही विचार करून सुचलेली गोष्ट नाही, भूक आणि झोप यांच्या पंगतीतली आहे.

दोन, ती ओढ खालून येते पण परिणाम वर होतो. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठातल्या सर्जिओ आणि व्हिव्हियन पेलिस यांच्या गटाने दाखवलं की पिल्लूपणी सवंगड्यांशी खेळलेल्या उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशींना फुटलेल्या फांद्यांची छाटणी वेगळी होते. हाच भाग आवेग आवरायला आणि समोरच्याचा अंदाज घ्यायला लागतो. वाढ म्हटलं की आपल्याला "जास्त" असं वाटतं, इथे उलट आहे, फालतू फांद्या कमी होणं हीच सुधारणा.

लहानपणी खेळायलाच मिळालं नाही तर?

उंदरांपुरतं उत्तर स्पष्ट आहे. साधारण २५ ते ४५ दिवसांच्या वयात एकटं ठेवलेलं पिल्लू मोठेपणी नव्या जागी गडबडतं, दुसऱ्या उंदराने साधा धक्का दिला तरी जास्त चिडतं किंवा जास्त घाबरतं. १९७८ मध्ये डोरोथी आयनन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा पिल्लाला दिवसातून फक्त एक तास सवंगड्याबरोबर सोडलं तरी बराचसा परिणाम टळतो, पण तो सवंगडी खेळणारा असला पाहिजे. औषध देऊन सुस्त केलेला जोडीदार नुसता शेजारी असून चालत नाही.

माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत, आणि करूही नयेत. जी मुलं फार वंचित अवस्थेत वाढली त्यांच्याकडे प्रेम, अन्न, बोलणं सगळंच कमी होतं, त्यातून खेळ एकटा बाजूला काढून बोट दाखवणं प्रामाणिकपणाचं नाही. म्हणून कुणी "खेळला नाही म्हणून गुन्हेगार झाला" असं छातीठोक सांगत असेल तर दोन पावलं मागे सरका.

कुठल्या वयात किती खेळतात?

उंदीर चार-सहा आठवड्यांचे असताना शिखरावर. मांजराची पिल्लं चौथ्या आठवड्यापासून एकमेकांशी कुस्ती सुरू करतात, वस्तूंशी खेळणं सात-आठ आठवड्यांनंतर वाढतं. माणसाचं वेळापत्रक कितीतरी लांब, कारण बालपणच लांब. आपला मेंदू साधारण पाच वर्षांच्या वयात शरीराच्या एकूण ऊर्जेचा जवळपास ४३ टक्के वाटा एकटाच खातो, तेव्हा शरीराची वाढ सगळ्यात हळू असते, आणि नेमका तोच काळ कल्पनेतल्या खेळांचा ऐन बहर. दंगामस्ती मात्र नंतर, प्राथमिक शाळेच्या वयात वर जाते.

माझं दोन वर्षांचं मूल इतर मुलांशेजारी बसून एकटंच खेळतं. काळजी करू का?

बहुतेक वेळा नको. मिल्ड्रेड पार्टनने १९३२ मध्ये हेच टप्पे लिहून ठेवले होते, आधी एकट्याने, मग शेजारी शेजारी पण आपापलं, मग एकमेकांच्या वस्तू घेत-देत, आणि शेवटी ठरवून एकत्र. दोन वर्षांचं मूल शेजारी बसून आपापलं खेळतं हे अगदी वयाला धरून आहे, आणि ते शेजारच्याकडे चोरून बघत असतं हेही लक्षात घ्या. पुढेही एकटं खेळणं संपत नाही, संपू पण नये. पण मूल नाव घेतल्यावर बघत नसेल, बोट दाखवून काही दाखवत नसेल, येत असलेले शब्द विसरत असेल, किंवा खोटं-खोटं खेळणं अजिबातच दिसत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, वाट बघत बसू नका.

माणसाच्या खेळात वेगळं काय आहे?

खोटं-खोटं. दीड वर्षाच्या आसपास पोर रिकामा कप तोंडाला लावून पितं आणि तुमच्याकडे बघून हसतं, ते पुढे काठीचा घोडा, उशीचा डोंगर, आणि "तू मेलास, नाही मी नाही मेलो" इथपर्यंत जातं. प्राण्यांमध्ये याची झलक कुठेकुठे दिसते. युगांडातल्या किबाले जंगलात चिंपांझींची पोरं काठ्या बाळासारख्या घेऊन फिरतात, विश्रांतीच्या घरट्यातही नेतात, १४ वर्षांच्या नोंदींवरून २०१० मध्ये हे छापलं गेलं, माद्यांमध्ये जास्त आणि पहिलं पिल्लू झालं की बंद. पण चार चिंपांझींनी मिळून "ही काठी आता बाळ आहे" असं ठरवलंय असं कुणी पाहिलेलं नाही. माणसाची पोरं हे रोज करतात.

आणि दुसरं म्हणजे नियम. राज्य कोणावर, रेषा कुठे, टाइमप्लीज कधी चालतो, यावर पोरं जेवढा वेळ भांडतात तेवढा वेळ प्रत्यक्ष खेळतही नाहीत, आणि मोठ्यांना वाटतं वेळ वाया गेला. माझ्या मते त्या भांडणातच निम्मा खेळ असतो, कारण तिथे कुणीही साहेब नसतो, पटवलं नाही तर डाव मोडतो.

एज्युकेशनल खेळणी घ्यावीत का?

घ्या, पण डब्यावर लिहिलंय म्हणून नको. २०१३ मध्ये अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी कल्पनेतल्या खेळावरचे कितीतरी जुने अभ्यास एकत्र तपासले आणि म्हटलं की यामुळे बुद्धी वाढते, क्रिएटिव्हिटी वाढते असे मोठे दावे करण्याइतका पुरावा भक्कम नाही. बऱ्याच लोकांना याचा राग आला. मला वाटतं यात खेळाचा काही अपमान नाही, उलट दर खेळाला रिपोर्ट कार्ड लावायची आपली खोड उघडी पडते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली डॉक्टरांना सांगितलं की लहान मुलांच्या तपासणीत खेळ लिहून द्या, औषध देतो तसा. त्यासाठी महागडी वस्तू लागते असं त्यांनीही म्हटलेलं नाही. खोका, पाणी, वाळू, चादर, आणि दुसरं पोर.

पडेल, लागेल अशी भीती वाटते. किती अडवायचं?

नॉर्वेच्या एलेन सँडसेटरने मुलांच्या धोक्याच्या खेळांचे प्रकार मांडलेत, उंची, वेग, धोकादायक हत्यारं, पाणी-आग अशा धोक्याच्या जागा, दंगामस्ती, आणि नजरेआड होणं. गंमत म्हणजे हे सगळं मुलं स्वतःहून शोधतात आणि हळूहळू वाढवत नेतात, आधी दुसरी फांदी मग तिसरी. जिथे मुलाला दिसतच नाही असा धोका (सडलेली फांदी, झाकण नसलेला खड्डा, गाड्यांचा रस्ता) तिथे तुम्ही मध्ये पडा. जो धोका मुलाला दिसतोय आणि ते स्वतः तोलतंय, तिथे हात मागे बांधून उभं राहा. "जपून, जपून" ओरडल्याने लक्ष फांदीवरून तुमच्याकडे जातं एवढंच होतं.

मोबाइलवरचा गेम खेळ धरायचा का?

काही धरता येतात, विशेषतः जिथे दोघं-चौघं मिळून काहीतरी उभं करतात. पण तिथे नियम मोडून नवीन करता येत नाहीत, अंगाचा तोल जात नाही, आणि समोरचा रुसला हे चेहऱ्यावर दिसत नाही. वर जे फायदे लिहिले ते बहुतेक याच तीन गोष्टींतून येतात, तेव्हा गेम खेळू द्या पण त्याने मैदानाचा कोटा पूर्ण झाला असं मोजू नका.

मोठे झाल्यावर प्राणी खेळायचे का थांबतात?

सगळे थांबत नाहीत. बोनोबो (चिंपांझीचे जवळचे नातेवाईक) म्हातारे झाले तरी खेळतात, किआचं वर आलंच, कुत्री तर जन्मभर. कुत्र्यांच्या बाबतीत लोक म्हणायचे की बॉल आणून देणं वगैरे आपण माणसाळवल्यानंतर आलं. मग २०२० मध्ये स्वीडनमध्ये १३ लांडग्यांच्या पिल्लांची टेस्ट घेतली, त्यातल्या तिघांनी अनोळखी माणसाला बॉल आणून दिला, कुणी शिकवलं नसताना. म्हणजे बीज आधीपासूनच होतं. बाकीच्या प्राण्यांत पोट, पिल्लं आणि कळपातलं राजकारण यात वेळ संपतो.

मांजराचं पिल्लू माझ्या हातावर झडपा घालतं, ओरबाडतं. हातानेच खेळवलं तर चालेल ना?

नको. आता नखं बारीक आहेत म्हणून गोड वाटतं, सहा महिन्यांनी तोच हात रक्ताळेल आणि मग तुम्ही त्यालाच रागावणार. काठीला बांधलेली दोरी किंवा पीस वापरा, हातापासून लांब. चावलं तर ओरडू नका, मारू नका, हात झटकून ओढूही नका (पळणारी वस्तू त्याला आणखी आवडते), हात ढिला सोडा आणि खेळ तिथेच बंद करून उठून जा. भावंडांत असतं तर जोरात चावल्यावर समोरच्या पिल्लानेही हेच केलं असतं. जमत असेल तर दोन पिल्लं एकत्र पाळा, अर्धं शिक्षण ती एकमेकांचं करतात आणि तुमचे पडदेही जरा जास्त दिवस टिकतात. टिकतातच असं नाही.